गोदामाचा कोबा आधी तपासा



गोदाम म्हटले की आपण छप्पर पाहतो, कुलूप पाहतो. कोबा पाहत नाही. आता कंत्राटदार म्हणतात, तंतूंचे काँक्रीट टाकू. तंत्र खोटे नाही. भिंतीच्या मातीत आपण कुटार कशासाठी कालवतो? भेगा फाकू नयेत म्हणून. इथे कुटाराच्या जागी पोलादी तंतू, घनमीटरला साधारण 20 ते 40 किलो.

पण तंतू ओल अडवत नाहीत. भंडाऱ्याच्या पावसाळ्यात जमिनीतली ओल कोब्यातून वर चढते. खालच्या थप्पीतले धान्य बुरसते, माल डागाळतो. त्यासाठी काँक्रीटखाली जाड प्लास्टिकचा कागद हवाच. आणि उन्हाळ्यात किमान 10 दिवस पाणी मारले नाही, तर तंतूंचा पैसाही मातीत.

2007 च्या वखार कायद्याने नोंदणीकृत गोदामाच्या पावतीला बळ दिले. ती तारण ठेवून कर्ज काढता येते. पण पावतीमागचा माल बुरसला, तर त्या कागदाची किंमत काय?

म्हणून गावात गोदाम बांधताना काँक्रीट पडण्याआधी दोन शेतकरी तिथे उभे राहिलेच पाहिजेत. कोबा एकदा घातला, की खाली काय दडले ते कोणालाच दिसत नाही.