‘व्हेरी’ म्हणजे खरे

‘व्हेरी’ या इंग्रजी शब्दाला आपण ‘फार’, ‘खूप’ असे प्रतिशब्द देतो आणि पुढे जातो. त्याचा मूळ अर्थ मात्र ‘खरा’ असा आहे. सत्यवाचक लॅटिन ‘व्हेरस’च्या कुळातला हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. १४व्या शतकात चॉसर तो ‘सच्चा’ या अर्थाने वापरतो; १५व्या शतकापासून तो हळूहळू केवळ मात्रा वाढवणारा झाला. ‘धिस व्हेरी डे’, म्हणजे ‘हाच तो दिवस’, या प्रयोगात जुन्या अर्थाची खूण अजून उरली आहे.

मराठीची कथा फारशी वेगळी नाही. ‘फार’ संस्कृत ‘स्फार’ म्हणजे विस्तीर्ण यावरून आला, तर ‘खूप’ फारसी ‘खूब’ म्हणजे चांगला यावरून. ‘प्रचंड’मध्ये उग्रता होती, ‘भयंकर’मध्ये भय. आज ‘भयंकर आवडले’ म्हणताना कोणी भीत नाही. ‘टेरिब्ली’ आणि ‘ऑफुली’ यांचीही तीच गत झाली. म्हणून ‘भयंकर सुंदर’ला अशुद्ध ठरवणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. अर्थ झिजणे हा भाषेचा स्वभावच आहे.

आमची अडचण निराळी आहे. जुलै २०२१मध्ये सावित्रीच्या पुरात महाड शहर बुडाले. २२ जुलैला महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. पुढे महाविद्यालय भरल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना त्या दिवसांविषयी लिहायला सांगितले. बहुतेकांनी ‘भयंकर पूर’, ‘प्रचंड पाऊस’, ‘अतिशय दुःखद’ असे लिहिले. स्नेहसंमेलनाच्या वृत्तान्तातही विशेषणांना हीच पुस्ती जोडलेली असते. मुलांनी पाहिले होते ते त्या कागदांवर नव्हते, आणि तो दोष त्यांचा नव्हता. पानभर निबंधाला अशा शब्दांनी सजवायला आम्हीच शिकवले होते.

एका मुलीने मात्र ‘भयंकर’ खोडून लिहिले होते : पोटमाळ्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागले, तेव्हा आजीने पायऱ्या मोजणे थांबवले. या वाक्यात तीव्रतादर्शक शब्द एकही नाही.

यावरून सगळी क्रियाविशेषणे हद्दपार करावीत, असे आम्हांस म्हणायचे नाही. बोलण्यात ती हवीतच; त्यांच्यावाचून जिव्हाळा कोरडा पडेल. परंतु उत्तरपत्रिकेत ‘फार’ दिसला की त्याखाली लाल रेघ मारण्याऐवजी समासात ‘किती?’ एवढेच लिहावे, असे आम्ही ठरवले आहे. ‘व्हेरी’ने आपला जुना अर्थ गमावला तो गमावलाच. तो अर्थ जी मागणी करत होता, ती मात्र लिहिणाऱ्याने सोडू नये.