घरचे सुतारकाम : जुनी तुळई

वडिलोपार्जित घर उतरविताना निघालेली सागवानी तुळई सरपणात लोटू नये; पण जुने लाकूड म्हणजे सुकलेले लाकूड, हा समजही खोटा. बेळगावचा सबंध पावसाळा उघड्यावर भिजलेल्या तुळईतून आम्ही ऑक्टोबरातच घरच्या वेदीसाठी क्रूस घडविला. जानेवारीच्या कोरड्या हवेत त्याचा सांधा उकलला, आडवा दांडा चिरला. आजोबांनी स्वतः चढविलेली तुळई ती!

उरलेल्या तुकड्यांसाठी आता घाई नाही. प्रथम लोहचुंबक फिरवून खिळे हुडकावेत. दडलेला एकच खिळा करवतीचे दात घालवितो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. मग फळ्या सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचाव्यात. टोकांना मेण लावावे. ओल टोकांतून सर्वांत वेगाने निघते आणि चिराही तेथेच पडतात. ताज्या कापलेल्या लाकडास इंचभर जाडीला सुमारे १ वर्ष, हा सुतारांचा ढोबळ हिशेब. भिजलेल्या जुन्यास पुष्कळ कमी. एक तुकडा दर आठवड्यास तोलावा, आणि वजन उतरायचे थांबल्यावरच हत्यार उचलावे.

आमचा अजून उतरतो आहे. गेल्या रविवारी मिस्साहून परतल्यावर तोलला, तो ४० ग्रॅमने हलका भरला.