गाळलेल्या शब्दांची यादी

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी जी आज्ञावली लिहितात तीस व्यवहारात 'कोड' म्हणतात. कोड लिहिणारा एक आणि त्याचा उपयोग करणारे शेकडो, अशी स्थिती असल्यामुळे त्यासोबत माहितीपुस्तिका असावीच लागते. परंतु हाताने लिहिलेल्या पुस्तिकेचा एक जुना दोष आहे. कोड बदलत जातो आणि पुस्तिका जागच्या जागी राहते. तेव्हा कोडमधूनच पुस्तिका आपोआप निघावी, ही कल्पना पुढे आली. डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये वर्णिलेल्या 'वेब' पद्धतीत (इंटरनेटच्या वेबशी हिचा संबंध नाही) एकाच मूळ लेखनातून यंत्रासाठी पास्कल भाषेतील कोड निघे आणि माणसासाठी छापील विवेचन निघे. पुढे १९९७ मध्ये दिमित्री व्हान हेश यांचे 'डॉक्सिजन' हे साधन आले. फंक्शनच्या माथ्यावर विशिष्ट खुणेने लिहिलेली टीप आणि खालची घोषणा ही दोन्ही वाचून ते पुस्तिका रचते. या सोयीचे आम्ही स्वागतच करतो.

अडचण येते ती बोलीची. सी भाषेचे व्याकरण १९८९ मध्ये प्रमाणित झाले खरे, पण कंपायलर तयार करणाऱ्यांनी गरजेपोटी त्यात पदरचे शब्द घातले. मायक्रोसॉफ्टचा 'डेक्लस्पेक' आणि ग्नू कंपायलरचा 'ॲट्रिब्यूट' हे त्यांतलेच. प्रमाण व्याकरण शिकलेले साधन असल्या शब्दापाशी अडखळते. डेक्लस्पेक पाहून आपण त्यालाच एखादे फंक्शन समजतो, असे डॉक्सिजनच्या स्वतःच्याच पुस्तिकेत सांगितले आहे. पाहुण्याने यजमानाच्या आडनावाला गावाचे नाव समजावे, तशातलाच हा प्रकार! त्यावरचा उपायही तेथेच दिला आहे. हा शब्द आला की त्याच्या जागी काहीच नाही असे समजावे, अशी एक ओळ साधनाच्या मांडणी-फाइलीत लिहिली म्हणजे झाले. साधन तो शब्द गाळते आणि सुबक पुस्तिका हाती येते.

आमचा आक्षेप आहे तो येथेच. गाळलेला शब्द निरर्थक नव्हता. समजा, एक बाइटाचे अक्षर आणि त्यापुढे चार बाइटांचा पूर्णांक अशी एक रचना आहे. नेहमीच्या संगणकावर ती आठ बाइट जागा व्यापते, कारण दोहोंच्या मध्ये तीन बाइट मोकळे सोडले जातात. 'ॲट्रिब्यूट'मध्ये 'पॅक्ड' असे लिहिले की ती मोकळी जागा जाते आणि पाचच बाइट उरतात. शब्द गाळलेली पुस्तिका वाचणारा मात्र आठ मोजणार. दुसऱ्या यंत्राकडून आलेला संदेश त्याने या मापाने उलगडला, तर पूर्णांक तीन घरे पुढून वाचला जाईल आणि चूक कोठे झाली याचा पत्ता पुस्तिकेत काही केल्या सापडणार नाही. लिनक्सच्या गाभ्याची पुस्तिका रचणारे 'कर्नल-डॉक' हे साधनही घोषणेतून अशा खुणा पुसून टाकते. 'इनिट' म्हणजे संगणक सुरू होतानाच वापरावयाचे फंक्शन, ज्याची जागा नंतर मोकळी केली जाते. 'मस्ट-चेक' म्हणजे ज्याने परत दिलेले उत्तर तपासल्यावाचून पुढे जाऊ नये असे फंक्शन. वाचणाऱ्याला सर्वांत आधी कळावयास हव्यात अशाच या दोन गोष्टी आहेत.

कोणी म्हणतील, साधनाने कंपायलरलाच विचारावे. डॉक्सिजनमध्ये क्लँग या कंपायलरच्या साहाय्याने कोड वाचण्याची सोय आहेही, आणि ती चांगली आहे. पण ८०५१ या छोट्या चिपसाठी काइलचा कंपायलर जी सी भाषा वापरतो, तीत चिपच्या एकेका पायास नाव देणारा 'एसबिट' हा शब्द आहे. ती बोली क्लँगला कोठून येणार? बोलीच बंद करा, असा कडक सल्लाही मिळतो. तो आम्हास मान्य नाही. 'फंक्शन परत येणार नाही' किंवा 'हे जुने झाले, वापरू नये' असे सांगणाऱ्या खुणा मूळच्या बोलीतल्याच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी भाषेच्या प्रमाणात चौकोनी दुहेरी कंसांत त्यांना मानाचे पान मिळाले आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या या व्यवसायात शिराल आणि आरंभीची वर्षे बहुधा दुसऱ्याचा कोड वाचण्यात घालवाल. तुमच्या हाती येणारी पुस्तिका दिसावयास नेटकी असेल, म्हणूनच तिच्यात काय नाही याची शंकाही येणार नाही. आमची सूचना लहानशीच आहे. कोड लिहिणाऱ्याने 'पॅक्ड' लिहिताच वरच्या टीपेत त्याविषयी एक साधे वाक्य घालावे. तसेच साधनास जे जे शब्द गाळावयास सांगितले असतील त्यांची यादी, अर्थासह, पुस्तिकेच्या आरंभी छापावी. शब्दकोशाच्या पहिल्या पानांवर संक्षेपांची सूची असते, तशी. यास फार श्रम पडतील असेही नाही. शब्दांची यादी मांडणी-फाइलीत आधीच लिहिलेली असते, अर्थ तेवढे लिहावयाचे राहिलेले असतात.