कुलूप आहे, पण किल्ली दारालाच!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या. विषय मात्र सगळ्यांचा आहे – लाइट!

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर सेलच्या प्राथमिक अहवालानुसार घातपाताची शक्यता आहे. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, छे, ही मानवी चूक! मेसमध्ये यावर अजून दोन पार्ट्या पडतात. मला वाटतं, खरा प्रश्न वेगळाच आहे. उद्या आपल्या भागातल्या सबस्टेशनमध्ये असं झालं, तर चूक की घातपात, हे सांगता येईल का?

प्रोटेक्शन रिले म्हणजे सबस्टेशनचा रखवालदार. फॉल्ट आला की काही मिलिसेकंदांत तो ब्रेकरला ट्रिप करायला सांगतो. जुन्या इलेक्ट्रोमेकॅनिकल रिलेचं सेटिंग बदलायला पॅनलसमोर उभं राहावं लागे. आताचे न्यूमेरिकल रिले नेटवर्कवर असतात, लॅपटॉपवरून सेटिंग बदलतं. सोय झाली, तशी चोरवाटही झाली. युक्रेनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये हॅकर्सनी दुरूनच ब्रेकर उघडून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. २०१६ मध्ये किव्हवर सोडलेल्या मालवेअरमध्ये तर रिलेच बंद पाडण्याचा कोड होता!

आपल्याकडे भुसावळजवळ दीपनगर आहे, धुळ्याला ७६५ केव्हीचं सबस्टेशन आहे. आपल्यातले काही जण अशाच ठिकाणी नोकरीला लागणार. कंपनीने दिलेला पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. तो बदलायचाच नाही, किंवा बदलून पॅनलवर चिकटवायचा, तर मग कुलूप हवंच कशाला?

काही जण म्हणतात, रात्री दोनला लाइन गेली आणि पासवर्ड आठवला नाही तर? शंका रास्त आहे. पण ट्रिप करायला रिलेला पासवर्ड लागत नाही. तो लागतो सेटिंग बदलायला. अडीअडचणीसाठी एक पासवर्ड सीलबंद पाकिटात शिफ्ट इंचार्जकडे ठेवावा. बाकी न लागणारे पोर्ट बंद, ऑफिसच्या इंटरनेटशी रिलेचा थेट संबंध नको, आणि प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. जुन्या रिलेत ती सोय नसेल तर रजिस्टरमध्ये सही.

यातलं वेगळं लॉगिन मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांचा पासवर्ड एकच असला तर लॉग एवढंच सांगणार, की 'कोणीतरी' सेटिंग बदललं. मग चौकशीत सापडतो तो त्या रात्रीच्या ड्युटीवरचा ज्युनियर. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि हा ज्युनियर उद्या तुम्ही-आम्हीच असणार, बरं का! पासवर्ड मागणं म्हणजे आपल्यावर अविश्वास नव्हे. उलट वेळ आली की तोच आपल्या बाजूने साक्ष देतो.

म्हणून जॉइन झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारा, "सर, माझं लॉगिन वेगळं आहे ना?"