पारनेर ते लिस्बन

दोन राष्ट्रांचे संबंध केवळ व्यापाराच्या आकड्यांवर ठरतात असे मानणाऱ्यांनी भारत आणि पोर्तुगाल यांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा व्यवहार तपासून पाहावा. साडेचारशे वर्षांच्या इतिहासाचे ओझे घेऊन हे देश १९४९ मध्ये राजनैतिक संबंधांत आले आणि १९५५ मध्ये ते संबंध तुटलेही.

त्या वर्षाच्या घडामोडींत पारनेरचा वाटा आहे. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे यांच्यासमवेत सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरलेले सेनापती बापट मूळचे पारनेरचे. जन्म १८८० चा, म्हणजे वय पंच्याहत्तरीला टेकलेले! तरुणपणी पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकलेला हा माणूस या वयात निःशस्त्र चालत गेला. गोरे समाजवादी, पाठोपाठ तुकडी नेणारे जगन्नाथराव जोशी जनसंघाचे. १५ ऑगस्टच्या गोळीबारात उज्जैनचे स्वयंसेवक राजाभाऊ महाकाळ हुतात्मा झाले. आदल्याच वर्षी दादरा-नगर हवेली मुक्त करणाऱ्यांत सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही होते.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. परंतु सालाझारच्या राजवटीला ते मान्यच नव्हते. त्या हट्टाची किंमत मोहन रानडे यांनी मोजली. मराठी शिकवण्याच्या निमित्ताने गोव्यात जाऊन सशस्त्र लढ्यात उतरलेला हा सांगलीचा तरुण १९५५ मध्ये पकडला गेला आणि जानेवारी १९६९ पर्यंत कैदेत राहिला. गोवा स्वतंत्र होऊन सात वर्षे झाली, तरी गोव्यासाठी लढलेला कैदी पोर्तुगालच्या तुरुंगातच! लिस्बनशी बोलायला आपला दूतावास नव्हता, हे त्यामागचे कटू वास्तव.

एप्रिल १९७४ मध्ये तेथील हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला. पोर्तुगालच्या वतीने मारिओ सुआरिश यांनी आणि आपल्या बाजूने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सह्या केल्या. गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने लेखी मान्य केले. आमच्या मते मैत्रीचा पाया हाच. काही मंडळी ‘झाले गेले विसरा’ असा उपदेश करतात. येथे मात्र विसरून नव्हे, तर सत्य मान्य करून कोंडी फुटली.

तरीही हिशेब उरलेच. मुक्तीपूर्वी गोव्यातील पोर्तुगीज बँकेत सामान्य गोमंतकीयांनी गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला हलवण्यात आले होते. ते परतले १९९१ मध्ये. त्या तीस वर्षांत गहाण ठेवणाऱ्या किती आजींनी डोळे मिटले असतील!

पुढे २००५ मध्ये मुंबई बॉम्बस्फोटांतील अबू सालेमला पोर्तुगालने आपल्या ताब्यात दिले, पण फाशी नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक कैद नाही, या हमीवर. स्फोटांत माणसे गमावलेल्या कुटुंबांना ही अट बोचणारच. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केंद्राला त्या हमीची आठवण करून दिली, हे योग्यच झाले. पोर्तुगालकडून लेखी शब्द घेणाऱ्या देशाने आपला शब्द मोडायचा कसा?

मडगावशी नाळ असलेले अंतोनियो कोश्ता २०१५ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान झाले, २०१७ मध्ये वडिलोपार्जित घरी येऊन गेले आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. त्याचे कौतुक जरूर व्हावे. मात्र आजोळ-पणजोळावर परराष्ट्र धोरण चालत नाही, हे आपल्या उत्साही वृत्तपत्रांनी ध्यानात घ्यावे.

अधिक गंभीर प्रश्न आज गोव्यात आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेले आणि त्यांचे वंशज पोर्तुगीज नागरिकत्व मिळवू शकतात. अनेक तरुण लिस्बनच्या दप्तरात नाव नोंदवून भारतीय पारपत्र सोडतात. त्यांना देशद्रोही म्हणून हिणवणे सोपे आहे. युरोपात मिळणारी रोजंदारी त्यांना पणजीत का मिळू नये, हे राज्यकर्त्यांना विचारणे मात्र कोणाला सुचत नाही.