झुरळाचें गांव कोणतें?

भिसेगांव येथील एका भगिनींनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, स्वयंपाकघरांत दिसणाऱ्या बारीक, तांबूस झुरळांस ‘जर्मन’ कां म्हणतात? प्रश्नामागें थोडें दुःखही आहे. कर्जत स्टेशनाच्या शेजारचें हें गांव. तेथें मुंबईहून बिऱ्हाडें येतात. या भगिनींच्या इमारतींत नव्यानें आलेल्या एका कुटुंबानें सामानाबरोबर हीं झुरळें आणिलीं, असा बोभाटा झाला आहे. ‘मुंबईचीं झुरळें’ हें नांव सर्वांच्या तोंडीं बसलें असून, त्या घरीं हळदीकुंकवाचें बोलावणेंही जात नाहीं.

शेजाऱ्याचें नांव झुरळास देण्याची खोड फार जुनी आहे. रशियन लोक या किड्यास ‘प्रुसाक’, म्हणजे प्रशियाचा, म्हणतात. तर जर्मनीच्या कांहीं भागांत त्यालाच ‘रशियन’ म्हणत. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस यानें १७६७ सालीं त्याच्या शास्त्रीय नांवांत ‘जर्मानिका’ हा शब्द घातला, आणि हा डाग जर्मनांच्या माथीं कायमचा बसला. मोरींतून येणाऱ्या मोठ्या झुरळास त्यानेंच १७५८ सालीं ‘अमेरिकाना’ म्हटलें होतें. तें तर मूळचें आफ्रिकेचें, गलबतांतून अमेरिकेस गेलेलें!

मग ‘जर्मन’ झुरळ कोठलें? २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत १७ देशांतील २८१ झुरळांची आनुवंशिक तपासणी झाली. सुमारें २१०० वर्षांपूर्वीं भारत किंवा ब्रह्मदेश (आजचें म्यानमार) या भागांत रानांतील आशियाई झुरळापासून हें घरगुती झुरळ वेगळें झालें, असा निष्कर्ष निघाला. तें पश्चिम आशियांत सुमारें १२०० वर्षांपूर्वीं, आणि यूरोपांत अवघ्या २७० वर्षांपूर्वीं पोहोंचलें. म्हणजे लिनीअसच्या काळीं तें तेथें नवखा पाहुणाच होतें, आणि त्याचें माहेर आपल्याच बाजूचें!

आपल्या पूर्वजांनीं मात्र नांव ठेवतांना गांव न पाहतां खोड पाहिली. संस्कृतांत झुरळ म्हणजे ‘तैलपायिका’, तेल पिणारी. हिंदींतील ‘तिलचट्टा’ या नांवांतही चाटणेंच आहे. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायांत तेल चोरणारा पुढील जन्मीं ‘तैलपक’ होतो. तूप चोरणारा मुंगूस होतो. तें त्या मानानें बरें.

सामानाबरोबर हें झुरळ येतें, हें खरें. मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी, पिलें निघावयाच्या वेळेपर्यंत, अंगाशीं बाळगून हिंडते आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या घडींत लपते. पण अशीं खोकीं वाण्याकडूनही घरोघर येतात, आणि भिंतींतील नळाच्या भोकांतून झुरळ शेजारीं सहज जातें. म्हणून एकाच बिऱ्हाडीं औषध घालून भागत नाहीं. बोरिक पावडर, कणीक व साखर यांच्या गोळ्या सर्व बिऱ्हाडांनीं एकाच आठवड्यांत ओट्यामागें ठेवाव्यात. मुलांच्या हातीं मात्र त्या लागतां कामा नयेत. महिन्यानें पुन्हां ठेवाव्यात. या कामीं त्या नव्या बाईंसही बोलवावें. त्यांचा ओटा सोडून चालणार नाहीं.