नाचाचं बजेट

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलवर एकच चर्चा. कोरिओग्राफर कोण आणायचा, तो किती घेणार, ड्रेस भाड्याने कुठून मिळतील? कुठल्या ब्रँचने किती वर्गणी काढली ही बातमी सबमिशनच्या तारखेआधी मेसमध्ये पोचते. मग चार मिनिटांचा डान्स, एक ट्रॉफी, आणि आठवड्याभरात स्टेप्स कुणालाच आठवत नाहीत. मित्रांनो, माझा नाचाला विरोध नाही हं. कॉन्व्हेंटमध्ये दर ॲन्युअल डेला मी पहिल्या रांगेत असायचे! पण नाचाचा उपयोग एवढाच का?

सुधा वर्दे हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मुंबईच्या सुधाताई म्हणजे राष्ट्र सेवा दलाच्या जुन्या कार्यकर्त्या, प्रा. सदानंद वर्दे यांच्या पत्नी. २०१४ साली त्या गेल्या. त्यांची ओळख करून देताना ‘समाजसेविका’ म्हणावं की ‘नर्तिका’, असा प्रश्न पडतो. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यांच्या बाबतीत ही दोन कामं वेगळी नव्हतीच.

सेवा दल १९४१ साली सुरू झालं. जात-धर्म न मानणारी, समतेवर विश्वास ठेवणारी मुलं घडवणं हा उद्देश. त्यासाठी नुसती भाषणं पुरत नाहीत हे त्या लोकांना लवकर कळलं असावं, म्हणून कलापथक निघालं. वसंत बापटांची लेखणी, लीलाधर हेगडे यांचा आवाज आणि सुधाताईंसारख्यांची पावलं. ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ असे कार्यक्रम घेऊन ही मंडळी गावोगाव फिरली. निळू फुले याच कलापथकातले, आणि पुढे स्मिता पाटीलसुद्धा.

यात विशेष काय, असं वाटेल. तर आपल्या सिंधुदुर्गातच बघा. दशावतार हा आपला अभिमान. जत्रेत रात्रभर रंगतो, पण परंपरेने त्यात सीतेपासून द्रौपदीपर्यंत सगळ्या भूमिका पुरुषांनीच करायच्या. बायकांनी नाचायचं ते गौरी-गणपतीत, फुगडीत, घरच्या नाहीतर शेजारच्या खळ्यात. अशा काळात चांगल्या घरच्या मुलींनी गावच्या मैदानात, मुलग्यांच्या बरोबरीने, सगळ्यांसमोर नाचायचं! समतेवर तासभर बोलण्यापेक्षा ते दहा मिनिटं बघणं लोकांना जास्त कळलं असेल. नाच हेच तिथे समाजकार्य होतं.

आणि ते पुढेही गेलं. सुधाताईंची मुलगी झेलम परांजपे मोठी ओडिसी नर्तकी झाली. सेवा दलातल्या आपल्या मैत्रिणीच्या, म्हणजे स्मिता पाटीलच्या आठवणीत तिने ‘स्मितालय’ ही नृत्यसंस्था काढली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या गणितांवर तिने ओडिसी बसवलंय. (एम-थ्रीमध्ये केटी लागलेल्यांनी हे जरूर पाहावं.)

आता आपल्याकडे. एनएसएसचं शिबिर सात दिवसांचं असतं. दिवसा श्रमदान, दुपारी कुणाचं तरी व्याख्यान, आणि रात्री? रात्री आपण स्पीकर लावून आपापसात नाचतो आणि गावातली माणसं लांब उभी राहून बघतात. म्हणजे ज्यांच्यासाठी शिबिर, तेच प्रेक्षक! बंधारा बांधताना त्यांचं फावडं चालतं, मग रात्री त्यांचा नाच का चालत नाही? फुगडीचे किती प्रकार त्या काकू-आज्यांना येतात ते एकदा विचारून बघा. आपल्याला दोन फेऱ्यांत चक्कर येते.

काहीजण म्हणतील, हे सगळं जुनं झालं, आता कोण बघणार? बघायला सांगतच नाहीये मी. नाचायला सांगतेय. आणि खर्च शून्य आहे, हे ट्रेझररनी लक्षात घ्यावं.

माझी सूचना सरळ आहे. यंदाच्या शिबिरात निदान तीन रात्री स्पीकर बंद ठेवायचा. एक रात्र गावातल्या बायका शिकवतील, एक रात्र गावात दशावतारी असतील तर ते, आणि एक रात्र आपण त्यांना आपलं काहीतरी शिकवायचं. सरांशी मी बोलणार आहे, पण एकटीचं कोण ऐकतं? शिबिराच्या यादीत नाव देतानाच हेही लिहून द्या. मुलग्यांनीसुद्धा. फुगडी मुलग्यांनी घालायची नाही असं विद्यापीठाच्या कुठल्या परिपत्रकात आलंय?